व्हीलचेअरमधला टेपरेकॉर्डर

माझ्या फोनवर लेड झेपलिनची एक कॉन्सर्ट आहे. २१ जून १९७७, लॉस एंजेलिसचं ‘फोरम’. जॉन बॉनमचे ड्रम्स इतके अंगावर येतात की पहिल्यांदा ऐकताना मी घाबरून आवाज कमी केला होता. बँडने ही कॉन्सर्ट कधीच प्रसिद्ध केली नाही. माझ्याकडे आहे ते बूटलेग, म्हणजे चोरटं रेकॉर्डिंग. ते केलं माइक मिलार्ड नावाच्या एका चाहत्याने. हा पठ्ठ्या धडधाकट असून व्हीलचेअरवर बसून आत जायचा. मित्र खुर्ची ढकलायचे आणि खुर्चीत नाकामिचीचा जडशीळ कॅसेट डेक लपवलेला असायचा. टेपा तो विकायचा नाही. मित्रांना कॉप्या द्यायचा, पण त्यावर खुणा करून. फुटली तर कुणाकडून फुटली ते कळावं म्हणून. (तरी फुटलीच. आपलं नशीब.)

झेपलिन स्टेजवर दर रात्री वेगळं वाजवायचे, एखादं गाणं अर्ध्या तासापर्यंत ताणायचे. पण बँड चालू असेपर्यंत त्यांचा लाइव्ह अल्बम आला एकच, १९७६ साली, आणि तोही मला जरा दमलेलाच वाटतो. मग लोकांनी करायचं काय? १९७० मधल्या फोरमच्या कार्यक्रमाचं बूटलेग ‘लाइव्ह ऑन ब्लूबेरी हिल’ या नावाने आधीच फिरत होतं. मॅनेजर पीटर ग्रँट अशा लोकांवर दात खाऊन असायचा. १९७१ मध्ये व्हँकुव्हरला त्याने एकाचं यंत्र फोडायला लावलं. तो निघाला आवाजाची पातळी मोजायला आलेला सरकारी माणूस!

ग्रँटचा राग मला कळतो. बूटलेगवाले कलाकाराला दमडी देत नव्हते. पण बँडने स्वतःच केलेल्या टेपांचं काय? १९७२ च्या कॅलिफोर्नियातल्या दोन कॉन्सर्ट्सचा अल्बम निघाला २००३ मध्ये. तोवर बॉनमला जाऊन तेवीस वर्षं झाली होती.

एक टेप तर आपल्या मुंबईची. कॉन्सर्टची नाही, स्टुडिओतली. १९७२ मध्येच जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँटने इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ पुन्हा रेकॉर्ड केली. अधिकृतपणे ती आली २०१५ मध्ये. त्रेचाळीस वर्षं ती बूटलेगवरच ऐकावी लागली. वाजवणाऱ्यांपैकी किती जणांना तेवढीही मिळाली असतील?

मिलार्ड १९९४ मध्ये गेला. २०२५ मध्ये पिंक फ्लॉइडने ‘विश यू वेअर हिअर’च्या पन्नाशीच्या आवृत्तीत १९७५ ची लॉस एंजेलिसची कॉन्सर्ट घातली. टेप मिलार्डचीच. झेपलिनवाले अजून गप्प आहेत.