बेकायदा मासेमारी आणि समुद्रसंपत्तीचा जपून उपभोग

महाराष्ट्र शासनाने ४ सप्टेंबर २०२३ रोजी पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. पालघर जिल्ह्यातील सातपाटीच्या मच्छीमारांनी त्यासाठी आग्रह धरला होता. घटत चाललेल्या या माशाचे रक्षण व्हावे, हा त्यामागील हेतू होता. परंतु तळहाताहून लहान पापलेट जोवर बाजारात वाट्यावर विकले जाते, तोवर हा मान कागदावरच राहणार. उत्तन, वसईचे पाचूबंदर, नायगाव येथील अनेक कॅथलिक कुटुंबांचा संसार समुद्रावर चालतो. म्हणून या विषयाची माहिती वाचकांसाठी येथे एकत्र दिली आहे.

बेकायदा मासेमारी म्हणजे काय?

आंतरराष्ट्रीय व्यवहारात या विषयाचे तीन भाग मानले जातात : कायदा मोडून केलेली मासेमारी, पकडलेल्या मासळीची नोंद न देता केलेली मासेमारी आणि नियमांच्या कक्षेबाहेर राहून केलेली अनियंत्रित मासेमारी. या तिन्हींविरुद्ध जागृती व्हावी म्हणून संयुक्त राष्ट्रांनी ५ जून हा दिवस नेमून दिला आहे.

आपल्याकडे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच्या मासेमारीचे नियमन राज्य शासन करते. त्यापलीकडे २०० सागरी मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र केंद्राच्या अखत्यारीत येते. राज्यात ‘महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१’ लागू आहे. जुने दंड मोठ्या बोटमालकांना जाणवतही नसत. त्यामुळे २०२१ साली या कायद्यात दुरुस्ती करण्यात आली आणि एलईडी दिव्यांच्या साहाय्याने मासेमारी करणाऱ्यास ५ लाखांपासून २० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्येच आपल्या क्षेत्रात अशा मासेमारीस मनाई केली होती. जानेवारी २०२५ पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनद्वारे टेहळणीही सुरू केली.

दिव्यांच्या मासेमारीने काय होते?

पर्ससीन जाळे माशांच्या थव्याभोवती गोलाकार टाकले जाते आणि खालच्या कडेचा दोर ओढून बटव्याच्या तोंडासारखे आवळले जाते. संपूर्ण थवा त्यात सापडतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने या जाळ्यांवर निर्बंध घातले. या जाळ्याला एलईडी दिव्यांची जोड मिळाली की संहार वाढतो. जनित्रावर चालणाऱ्या प्रखर दिव्यांकडे लहान मासे आणि माकूल ओढले जातात, त्यांच्यामागे मोठे मासे येतात. पिल्ले, अंड्यांवर आलेल्या माद्या आणि पूर्ण वाढलेले मासे एकाच वेळी उचलले जातात. मग लहान होडीला डिझेलचा खर्चदेखील निघत नाही, असे गाऱ्हाणे पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षे मांडीत आले आहेत.

आपल्या जाळ्याकडेही पाहावे

दोष केवळ मोठ्या बोटींचा आहे, असे म्हणून मात्र भागणार नाही. आपल्या भागातील डोल हे जाळे पिढ्यान्‌पिढ्या बोंबील, मांदेली, जवळा यांसाठी वापरले जाते. जवळ्यासारखी बारीक मासळी धरायची म्हणून त्याच्या शेवटच्या भागाची वीण बारीक असते. त्यात पापलेटची व इतर माशांची पिल्लेही अडकतात. ट्रॉलर जाळ्यांच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी शेवटच्या भागाला ४० मिलिमीटरची चौकोनी वीण सुचविली आहे. शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ताण पडताच मिटतो. चौकोनी आस उघडा राहतो व पिल्ले निसटून जातात.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींच्या आधारे राज्याने २०२३ साली ५४ प्रजातींचे किमान कायदेशीर आकारमान ठरविले. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आणि बोंबलासाठी १८० मिलिमीटर आहे. मासा मोठा होऊन एकदा तरी त्याची वीण व्हावी, एवढीच यामागील अपेक्षा आहे.

पावसाळी बंदीचेही तत्त्व हेच आहे. पूर्वी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवीत. अनेक प्रजातींच्या विणीचा तो काळ असतो. पश्चिम किनाऱ्यासाठी २०१५ मध्ये केंद्राने १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची एकसमान बंदी ठरवून दिली. पूर्वजांनी जे वादळाच्या भयाने व रीत म्हणून पाळले, त्यालाच कायद्याचे रूप आले.

मासे हेही वन्य प्राणीच

शेतकरी पेरतो तेव्हा कापतो. समुद्रात कोणी पेरीत नाही. समुद्रातील मासळी म्हणजे आपण रोज खातो ते वन्य जीवच होत. त्यांतील काहींना मुळीच हात लावता येत नाही. बहिरी म्हणजे देवमुशी या महाकाय माशाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये २००१ साली संरक्षण मिळाले. समुद्री कासवांनाही ते आहे. असा प्राणी जाळ्यात सापडल्यास जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमारास डिसेंबर २०१८ च्या शासकीय योजनेनुसार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची सोय करण्यात आली. निसर्गरक्षणाचा भार गरिबाच्याच खिशावर पडू नये, हे या योजनेने मान्य केले.

श्रद्धेची शिकवण

अनुवाद या ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात पक्ष्याच्या घरट्याविषयी एक लहानसा नियम आहे. घरटे आढळल्यास पिल्ले घेण्यास मुभा आहे, मात्र त्यांच्यासह आईला धरण्यास मनाई आहे. उपभोगाला परवानगी आहे; उगमाचा नाश करण्यास नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात अनियंत्रित मासेमारीमुळे काही प्रजाती झपाट्याने घटत असल्याकडे लक्ष वेधले होते.

आपण काय करू शकतो?

गस्तीनौका आणि ड्रोन समुद्रावर पहारा ठेवू शकतील, आपल्या स्वयंपाकघरावर नाही. पिल्लांना गिऱ्हाईक आहे म्हणूनच ती बंदरावर उतरतात. तेव्हा स्वस्त मिळते म्हणून लहान पापलेटचा वाटा घेऊ नये. लग्नाच्या वा सणाच्या जेवणासाठी मासळी सांगताना आकाराची अट घालावी. मच्छीमार संस्थांनी जाळ्यांच्या विणीबाबत एकत्र बसून निर्णय घ्यावा आणि धर्मग्रामांनी त्यांना पाठबळ द्यावे. आज टोपलीत न घेतलेले पिल्लू उद्या एखाद्या होडीचा दिवस भरून काढील.