मेंदूतील ‘आनंदकेंद्रा’चा शोध

डोपामाइन हे ‘आनंदाचे रसायन’ होय, असे विधान आरोग्यविषयक लेखनात आजही सर्रास आढळते. ते रुजले एका गाजलेल्या प्रयोगातून. परंतु त्या प्रयोगाचा अर्थ पुढे पार बदलला.

भावना कोठे निर्माण होते, हा वाद त्याहून जुना आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ साली असे प्रतिपादन केले, की आपण दुःखी होतो म्हणून रडत नाही, तर रडतो म्हणून दुःखी होतो. शरीरातील बदलांची जाणीव हीच भावना. डेन्मार्कचे वैद्य कार्ल लांगे यांनीही स्वतंत्रपणे असाच विचार मांडला. वॉल्टर कॅनन यांनी १९२७ साली त्यावर नेमका आक्षेप घेतला. राग असो वा भीती, छातीची धडधड सारखीच असते. मग दोन भावनांतला भेद मनाला कळतो कसा? उत्तर मेंदूतच शोधले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

हे उत्तर सापडल्याचा भास १९५४ साली झाला. कॅनडातील माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवून विजेचा सौम्य झटका देत होते. एका उंदराच्या बाबतीत तार ठरलेल्या जागेवरून चुकली. जेथे झटका मिळाला, त्याच कोपऱ्याकडे तो उंदीर पुन्हा पुन्हा परतू लागला. मग कळ दाबून उंदराला स्वतःच झटका घेता येईल अशी सोय करण्यात आली. पुढच्या प्रयोगांत काही उंदीर तासाला दोन हजारांहून अधिक वेळा कळ दाबू लागले. इतकी धडपड ज्यासाठी, ते सुखच असणार, असा निष्कर्ष निघाला आणि ‘आनंदकेंद्र’ हा शब्द रूढ झाला. पुढे या मार्गात डोपामाइनचा मोठा वाटा असल्याचे दिसताच त्यालाही आनंदाची पदवी मिळाली.

पण धडपड म्हणजे सुख, हे गृहीतच होते. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांनी ते तपासले. गोड चव लागताच उंदीर ओठ चाटतो; तान्हे मूलही तसेच करते. कडू चवीला दोघेही तोंड वेंगाडतात. ही आवडीची खूण मोजता येते. डोपामाइनचे मार्ग नष्ट केलेल्या उंदरांनी समोर अन्न असूनही खाणे सोडले. त्यांना भरवले नसते तर ते उपाशी मेले असते. मात्र जिभेवर साखरेचे पाणी सोडताच ते पूर्वीइतक्याच आवडीने ओठ चाटत! उलट, विजेच्या झटक्याने खाऊ लागलेल्या उंदरांत खाणे वाढले, पण आवडीची खूण वाढली नाही. याचा अर्थ, हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूच्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. डोपामाइनचा संबंध मुख्यतः पहिलीशी आहे. दुसरीसाठी मेंदूतीलच अफूसदृश द्रव्ये काम करतात, तीही फार लहान जागांत. उंदरात अशी एक जागा अवघी घन मिलिमीटरभर आहे.

व्यसनाच्या संदर्भात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९९३ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार, मादक पदार्थाने ओढीची यंत्रणा अधिकाधिक संवेदनशील होत जाते, आवड मात्र वाढत नाही. ‘आता त्यात मजा राहिली नाही, तरी सुटत नाही,’ असे व्यसनी माणूस म्हणतो तेव्हा घरच्यांना तो बहाणा वाटतो. या सिद्धांताप्रमाणे ते बव्हंशी खरे असू शकते. कंपवातावरील, डोपामाइनसारखे कार्य करणाऱ्या काही औषधांमुळेही मोजक्या रुग्णांत जुगाराची वा खरेदीची अनावर ओढ उत्पन्न होते. असा बदल दिसल्यास नातेवाइकांनी तो स्वभावदोष न मानता डॉक्टरांच्या कानावर घालावा; औषध मात्र परस्पर बंद करू नये.