आळूची दोन कुळे

जर्दाळू हे फळ, रताळे हा कंद आणि अळू ही पालेभाजी. तिन्ही नावांतून ऐकू येणारा 'आळू' एकच वाटतो, पण त्याची कुळे दोन आहेत.

पहिले फारसी. तिथे 'आलू' म्हणजे प्लमसारखे फळ. 'जर्द' म्हणजे पिवळा, त्यावरून जर्दाळू. बुखाऱ्याचा तो आलुबुखार. पीच म्हणजे 'शफ्तालू', त्याचेच तुर्कीत 'शेफ्ताली' झाले.

दुसरे संस्कृत. तिथे 'आलु', 'आलुक' म्हणजे खाण्याजोगा कंद. तांबडा कंद तो 'रक्तालु', म्हणून आपले रताळे. गुजरातीत मात्र 'रताळु' मागावे तर उंधियूत पडणारे जांभळे कोनफळ हाती येते. आपल्या रताळ्याला तिकडे शक्करियां म्हणतात. मराठीने आणखी पुढची मजल मारली. कंदाचे नाव तिने पानांना दिले. अळूवडी, अळूचे फतफते हा सगळा पानांचा संसार, आणि खालच्या गड्ड्यांना अळकुड्या हे वेगळे नाव.

मग समुद्रापलीकडून बटाटा आला. त्याच्या मायभूमीत, अँडीज पर्वतात, क्वेचुआ भाषेत त्याचे नाव 'पापा'. 'बटाटा' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, आणि तो रताळ्याचा! युरोपात दोन्ही कंदांच्या नावांची सरमिसळ झाली. पोर्तुगीजांनी नव्या कंदाला बटाटा म्हटले आणि रताळ्याला 'बटाटा-दोस', म्हणजे गोड बटाटा. भारताच्या पश्चिम किनाऱ्याने त्यांचाच शब्द उचलला.

हिंदी-बंगालीने मात्र पाहुण्याला घरातलेच जुने 'आलू' नाव दिले. मराठीला ते का जमले नाही? माझ्या मते, आपल्याकडे त्या नावाची जागा हिरव्या पानांनी आधीच अडवली होती. हिंदीत तीच वनस्पती अरवी, घुइयां अशा नावांनी नांदत होती, त्यामुळे 'आलू' मोकळे होते.

अफगाणिस्तानात हाच पेच फळामुळे पडलेला दिसतो. दारी भाषेत आलू म्हणजे आजही प्लम. म्हणून बटाट्याला तिथे 'कचालू' म्हणतात, आणि हिंदीत कचालू म्हणजे अळूचाच गड्डा. इराणने दोन्ही वाटा सोडून त्याला 'सीबजमीनी' म्हटले: जमिनीतले सफरचंद.