फुटायचं कुठे?

हँबुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सन उना यांनी १८८४ मध्ये गोळ्यांवर केराटिनचा लेप चढवला. शिंगं आणि नखं ज्याची बनतात ते हे द्रव्य. पोटातलं आम्ल त्याला शिवणार नाही, पुढे आतड्यातल्या अल्कधर्मी रसात मात्र ते विरघळेल आणि औषध तिथेच मोकळं होईल, असा त्यांचा हिशेब. काही औषधं पोटाला झोंबत, काहींना पोटातलं आम्ल नासवून टाकी. दोन्ही अडचणींवर हा एकच तोडगा. लेप फारसा भरवशाचा निघाला नाही. तरीही आजच्या प्रोबायोटिक कॅप्सूलची किंवा लोहयुक्त मिठाची वंशावळ लावायची, तर मी उनांपासूनच सुरुवात करेन. त्यांच्याआधी गोळ्यांना साखरेचा, चांदीच्या वर्खाचा मुलामा होता. पॅरिसमध्ये १८३४ पासून जिलेटिनच्या कॅप्सूलही होत्या. पण त्यांचा हेतू प्रामुख्याने चव झाकण्याचा. आवरणानं कुठे टिकावं आणि कुठे सुटावं, हा प्रश्न उनांच्या लेपात आहे.

मग लाख आली. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात, ती. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूला ती आजही गोळा होते. शुद्ध केलेली लाख, म्हणजे चपडा, आम्लाला दाद देत नाही. अडचण उलट्या बाजूची होती. चपडा विरघळायला सामू साधारण ७ च्या वर लागतो आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला तो ६ च्या आसपास असतो. त्यात लेप जुना झाला की आणखी कडक होतो. गोळी कधीकधी जशीच्या तशी शरीराबाहेर पडे. न फुटणारी भिंत रोग्याच्या काहीच कामाची नव्हती.

इथवर आवरण होतं ते अख्ख्या गोळीला. डोळ्यांना दिसणार नाही इतक्या लहान कणाला भिंत घालण्याची विद्या औषधशाळेत जन्मली नाही, ती आली कचेरीच्या कागदातून. नेदरलँड्समधले बुंगेनबर्ग द योंग आणि क्रुइट यांनी १९२९ मध्ये एक गोष्ट नोंदवली होती. जिलेटिन आणि अरबी डिंक यांचं द्रावण किंचित आम्ल केलं की जिलेटिनवर धन भार येतो, डिंकावर ऋण भार असतोच. दोघं एकमेकांना धरून पाण्यातून वेगळे होतात. त्या द्रावणात तेलाचे थेंब असतील, तर हे मिश्रण त्यांच्याभोवती सायीसारखं धरतं. अमेरिकेत ओहायोतल्या डेटन शहरी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत बॅरेट ग्रीन आणि लोवेल श्लायशर यांनी याच रीतीने रंगहीन रंगद्रव्याचे सूक्ष्म थेंब कोंडले आणि कागदाच्या पाठीवर पसरले. पेनाचा दाब पडला की भिंत फुटे, द्रव्य खालच्या कागदावरच्या मातीच्या लेपाला भेटे आणि निळं अक्षर उमटे. कार्बन पेपरविना पावतीची प्रत निघू लागली ती १९५४ च्या सुमारास. या सगळ्या मागोव्यात मला हेच सर्वांत मोहक वाटतं: पुढे माशाचं तेल आणि जीवनसत्त्वं ज्या रीतीने कोंडली गेली, ती आधी दुकानांच्या पावत्यांसाठी रुळली होती.

१९५७ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस चँग यांनी हिमोग्लोबिन पातळ पटलात बंद करून कृत्रिम पेशी बनवली. तिची भिंत फुटायचीच नव्हती. लहान रेणू आतबाहेर जावेत, मोठे आतच राहावेत, एवढंच तिचं काम. १९८० मध्ये लिम आणि सन या संशोधकांनी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके अल्जिनेटच्या आवरणात घालून मधुमेही उंदरांच्या शरीरात ठेवले. त्या काही आठवडे जगल्या आणि साखर आटोक्यात राहिली. जिवंत पेशीला भिंतीआड सांभाळता येतं, हे त्यातून दिसलं.

अल्जिनेट समुद्री शेवाळातून मिळतं. स्कॉटलंडमध्ये काम करणाऱ्या स्टॅनफर्ड यांनी त्याचं पेटंट १८८१ मध्येच घेतलं होतं. त्याचं द्रावण कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंबाथेंबाने सोडलं की लगेच मऊ मणी तयार होतात. ना उष्णता लागते, ना विषारी द्रावक, म्हणून प्रोबायोटिकमधल्या जिवाणूंना हे घर मानवतं. हा मणी जठरातल्या आम्लात आक्रसून राहतो आणि आतड्यात कॅल्शियम निसटल्यावर फुगून विरतो. उनांना हवं होतं तेच. पण त्याच्या जाळीतून आम्ल आत झिरपतं, म्हणून वरून कायटोसान किंवा स्निग्धाचा आणखी एक थर लागतो. शिवाय मणी मोठे असले तर दह्यात जिभेला खडबडीत लागतात आणि शंभर मायक्रॉनहून लहान केले तर जिवाणूंचं रक्षण फारसं होत नाही. बॅसिलस जातीच्या जिवाणूंचं बरं असतं. ते स्वतःच कवचबंद बीजाणू होतात आणि आतड्यात पोचल्यावर रुजतात.

लोहाचा प्रश्न वेगळा आहे, आणि आपल्यासाठी तो जास्त जिव्हाळ्याचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. आयोडीनयुक्त मिठात लोह नुसतं मिसळलं तर आयोडीन उडून जातं आणि मीठ पिवळट पडतं. टोरांटो विद्यापीठात लेव्हेंटे डिओसाडी यांच्या गटाने म्हणून लोहाचे कण स्निग्धाच्या आवरणात बंद केले. उत्तर प्रदेशात असं दुहेरी पोषण असलेलं मीठ रेशनवर दिलं गेलं. इथे भिंतीने जठरातच सुटायला हवं, कारण लोह शोषलं जातं ते जठराच्या लगेच पुढच्या आद्यांत्रात. प्रोबायोटिकच्या अगदी उलट. त्याच शहरातल्या स्टॅन्ली झ्लॉटकिन यांनी बाळांच्या जेवणावर भुरभुरायची लोहाची पूड तयार केली, तिच्यावरही स्निग्धाचाच थर आहे. ती वापरणाऱ्या आयांना सांगितलं जातं की खिमटी आधी कोमट होऊ द्या. कढत असेल तर थर ताटलीतच वितळतो, लोह बाहेर येतं, रंग-चव बदलते आणि बाळ तोंड फिरवतं.