मोसंबीच्या नावामागचा देश

गेल्या दिवाळीत मी अंतरवाली सराटीला होतो. ओसरीवर मोसंबी सोलीत बसलो असता मुंबईहून आलेल्या पुतण्याने एक रंगीत पत्रक माझ्यापुढे टाकले. आफ्रिकेतल्या मोझांबिकच्या सहलीचे.

"काका, निळे पाणी, पांढरी वाळू, माडांच्या रांगा! येता का?"

मी एक फोड त्याच्या हातावर ठेवली. म्हटले, "अरे, मोझांबिक तर तू आत्ता खातो आहेस!"

त्याला ही थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हती. आपला 'मोसंबी' हा शब्द मोझांबिकवरूनच आला. या फळाचे कूळ आशियातले. परंतु पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या ठाण्याचे नाव त्याला चिकटले ते कायमचे. ज्या जालन्याच्या मोसंबीला आज भौगोलिक मानांकन आहे, तिच्या नावात असा परका समुद्र दडलेला आहे.

पत्रकातली वाळू खोटी नाही. त्या देशाला सुमारे अडीच हजार किलोमीटरचा किनारा लाभला आहे. पण मला ओढ लागली ती ज्या लहानशा बेटाने देशाला नाव दिले त्याची. हे मोझांबिक बेट लांबीला जेमतेम तीन किलोमीटर. १४९८ साली वास्को द गामा तेथे थांबला. पुढे पोर्तुगीजांनी सॅन सेबास्तियनचा किल्ला उभारला. बेटावर गोड्या पाण्याची वानवा, म्हणून किल्ल्यात पावसाचे पाणी साठवण्याची टाकी केली. आम्हां मराठवाड्याच्या माणसांना त्या टाकीचे मोल निराळे सांगायला नको! १९९१ साली हे बेट जागतिक वारसा ठरले. तेथे दगडी वाड्यांचे एक शहर आहे आणि माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या घरांचे दुसरे. वाड्यांसाठी दगड खणून नेला तो या दुसऱ्या वस्तीच्या जागेतून. म्हणून तिची घरे आजही खोलगट भागात आहेत. एकाचा वाडा चढला, दुसऱ्याची जमीन खचली. साम्राज्याचा इतिहास इतक्या थोडक्यात क्वचितच वाचायला मिळतो.

आणि आपला संबंध? १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहून चाले. १८९५ मध्ये तिकडे गुंगुन्याना राजाशी पोर्तुगिजांचे युद्ध पेटले, तेव्हा गोव्यातल्या मराठा शिपायांना आफ्रिकेला निघण्याचा हुकूम झाला. शिपायांनी तो मानला नाही. ते बंड करून सत्तरीकडे वळले, राण्यांना मिळाले. ते शमवण्यासाठी खुद्द पोर्तुगालच्या राजाचा भाऊ फौज घेऊन आला. दादा राणे यांना तिमोरला हद्दपार करण्यात आले. गुंगुन्याना त्याच डिसेंबरात पकडला गेला आणि अझोर बेटांवर बंदिवासातच १९०६ साली वारला. एकाच सत्तेने एका वर्षी उठलेल्या दोघांना समुद्राच्या दोन टोकांना फेकले.

त्या शिपायांना गुंगुन्यानाचा कळवळा होता, असे मी म्हणणार नाही. पण त्यांची बंदूक त्याच्यावर रोखली गेली नाही, एवढे खरे.

मोझांबिक २५ जून १९७५ रोजी स्वतंत्र झाला. प्रवाशांना बोलावण्याजोगे त्याच्यापाशी पुष्कळ आहे. माझ्या मते त्यातले मोलाचे तेच, जे या पत्रकात नाही. वाळू कुठेही सापडते. शहागडला आमच्या गोदावरीतही आहे.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग पत्रक उलटे करून कोऱ्या बाजूवर त्याने लिहून घेतले : बेट, टाकी, खालची वस्ती.