घाटवाटांची ट्रायथलॉन

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार मध्ये विश्रांती न घेता एकापाठोपाठ एक पूर्ण करण्याच्या स्पर्धेला ट्रायथलॉन म्हणतात. या खेळाचा जन्म १९७४ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे झाला. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये त्याला प्रवेश मिळाला. तथापि खेळाचा खरा पाया व्यावसायिक खेळाडूंपेक्षा हौशी स्पर्धकांचा आहे. हे स्पर्धक बहुधा पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत विभागलेले असतात आणि वर्षाच्या ३१ डिसेंबरला होणारे वय त्यासाठी धरले जाते. त्यामुळे पंचेचाळिशीतला बँक अधिकारी पंचविशीतल्या तरुणाबरोबर एकाच रस्त्यावर धावतो. त्याची गुणवारी मात्र समवयस्कांत लागते.

सपाट मार्गावरची ट्रायथलॉन आणि डोंगराळ मार्गावरची ट्रायथलॉन हे जवळजवळ दोन वेगळे खेळ मानावेत. फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातील आल्प द्युएझ येथे २००६ पासून जुलैअखेरीस होणारी स्पर्धा हे त्याचे ठळक उदाहरण. तिच्या दीर्घ पल्ल्यात साधारण २.२ किलोमीटर पोहणे, ११८ किलोमीटर सायकल आणि २० किलोमीटर धावणे असते. आकडे फार भीतिदायक वाटत नाहीत. पण सायकलच्या टप्प्यात एकूण चढाई तीन हजार मीटरहून अधिक भरते, आणि सगळी मेख तिथेच आहे. पहिल्या क्रमांकाचे खेळाडू सहा तासांच्या आत-बाहेर संपवतात. हौशी स्पर्धकाला आठ ते दहा तास सहज लागतात.

पोहण्याचा टप्पा वेर्ने या जलविद्युत प्रकल्पाच्या जलाशयात असतो. एरवी तेथे पोहण्यास बंदी असते. डोंगरावरून येणारे पाणी भर उन्हाळ्यातही गार असल्याने वेटसूट अंगावर चढवावाच लागतो. मुंबईच्या कोमट तलावात सराव केलेल्या माणसाला गार पाण्याचा पहिला धक्का छातीत बसतो, श्वास तुटतो. स्पर्धेपूर्वी दोन-चार दिवस तरी गार पाण्यात उतरून शरीराला त्याची सवय करावी, हे उत्तम.

सायकलच्या मार्गात तीन मोठे घाट येतात. आल्प दु ग्रां सेर आणि कोल दोर्नों हे पहिले दोन, प्रत्येकी सुमारे १,३७० मीटर उंचीपर्यंत नेणारे. शेवटी खुद्द आल्प द्युएझची चढण. १३.८ किलोमीटर लांबीच्या या रस्त्याचा सरासरी चढ आठ टक्के असून वाटेत २१ हेअरपिन वळणे आहेत. त्यांचे क्रमांक खालून वर उलटे, म्हणजे २१ पासून एकपर्यंत, लावलेले आहेत. १९५२ मध्ये ‘टूर द फ्रान्स’ प्रथम येथे आली आणि फाउस्तो कोप्पीने तो टप्पा जिंकला. सर्वांत कठीण भाग पायथ्याचाच आहे. पहिल्या दोन किलोमीटरांत चढ दहा टक्क्यांपर्यंत जातो, आणि दमलेल्या स्पर्धकाचा निम्मा धीर तेथेच सुटतो.

या चढणीचे गणित सोपे आहे. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन सुमारे १,१०० मीटर उचलायचे, तर २०० वॅट शक्ती सतत लावणाऱ्याला केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध बहात्तर मिनिटे लागतात. रस्त्याचे घर्षण आणि वारा वेगळा. पाच किलो वजन कमी असेल तर साडेचार मिनिटे वाचतात. महागड्या चाकांवर लाखभर रुपये खर्च करणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडून पाहावा. गिअरचेही तसेच आहे. पुढे ३९ आणि मागे २५ दाते असतील तर ताशी साडेअकरा किलोमीटर वेगाला मिनिटाला जेमतेम ५८ पॅडल पडतात आणि गुडघे बोलू लागतात. पुढे ३४ व मागे २८ घेतल्यास तोच वेग ७५ पॅडलांत निघतो, आणि मांड्या धावण्यासाठी शिल्लक राहतात.

चढणीइतकीच उतरणही जोखमीची असते. हजार मीटर उतरताना साठलेली ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने जिरवावी लागते. सतत ब्रेक दाबून ठेवल्यास चाकाची रिम तापते. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात शिरल्यावर नव्हे. पुण्याकडचे सायकलस्वार सिंहगडाच्या रस्त्यावर हे शिकू शकतात. साताऱ्याचा यवतेश्वर घाट धावण्याच्या सरावासाठी प्रसिद्ध आहेच. २०१९ मध्ये गोव्यात प्रथम झालेली ‘आयर्नमॅन ७०.३’ ही स्पर्धा मात्र दमट उष्म्याची परीक्षा घेते. घाटाची तयारी तिच्यावरून जोखू नये.

खाण्याचे नियोजन घाटापूर्वी दरीतच उरकावे. तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके पोटात जावी लागतात, आणि दहा टक्के चढावर धापा टाकत कोणाला घास गिळवत नाही. शेवटची चढण दुपारच्या उन्हात येते, हेही लक्षात ठेवायचे. वेळेच्या मर्यादा ठिकठिकाणी ठरलेल्या असतात. दुसऱ्या घाटावर उशीर झाला की स्पर्धकाला थांबवले जाते, मग पाय कितीही ताजे असोत. वर्षभर पहाटे चारला उठून, घरच्यांच्या रविवारांवर पाणी सोडून केलेली मेहनत अशी पाच मिनिटांनी हुकते.

धावण्याचा टप्पा सुमारे १,८५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ८० टक्के असल्याने नेहमीच्या वेगाने सुरुवात करणारा पहिल्याच फेरीत दम गमावतो. चढाचे लहान तुकडे चालत जाणे हे येथे अपयश मानले जात नाही. सायकल डोंगरमाथ्यावर ठेवली जात असल्याने धावण्याचे बूट आदल्या दिवशीच वर नेऊन ठेवावे लागतात.