हरवलेली क्लॅरिनेट : एक कारागीर, एक वादक आणि मोझार्टचे बदललेले सूर

१/
२० फेब्रुवारी १७८८. व्हिएन्नाच्या दरबारी नाट्यगृहातील मैफलीच्या जाहिरातीत दोन नावे छापली होती. पहिले नाव वादकाचे, अँटन श्टाडलर. दुसरे, त्या काळच्या प्रथेच्या मानाने दुर्मीळ, कारागिराचे : दरबारी वाद्यकार थिओडोर लोट्झ. लोट्झने नव्याने शोधून घडवलेल्या या वाद्यात नेहमीच्या क्लॅरिनेटपेक्षा दोन स्वर अधिक आहेत, असे जाहिरात सांगत होती.

याच जातीच्या वाद्यासाठी मोझार्टने पुढे आपल्या दोन अजरामर रचना लिहिल्या. आज ते वाद्य उपलब्ध नाही आणि त्या रचनांची पूर्ण हस्तलिखितेही नाहीत. सुमारे दीडशे वर्षे जगाने त्या रचना बदललेल्या रूपात ऐकल्या. हा त्या बदलाचा इतिहास आहे.

२/
प्रथम वाद्याविषयी. क्लॅरिनेटच्या शोधाचे श्रेय जर्मनीतील न्युरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर (१६५५–१७०७) या वाद्यकाराला दिले जाते. काळ साधारण १७०० चा. सनईच्या जिव्हाळीत दोन पात्या एकमेकींवर थरथरतात. क्लॅरिनेटच्या मुखाला मात्र एकच पाती बांधलेली असते. तिची नळी जवळजवळ सर्वत्र सारख्या व्यासाची असते. आरंभीच्या क्लॅरिनेटला अवघ्या दोन चाव्या होत्या. मोझार्टच्या काळापर्यंत पाच चाव्यांची क्लॅरिनेट सर्वमान्य झाली होती.

३/
ही वाद्ये कारखान्यात तयार होत नसत. लहानशा कर्मशाळेत उस्ताद आणि दोन-चार हाताखालची माणसे एवढाच संसार. लाकूड बहुधा बॉक्सवुड : अतिशय संथ वाढणारे, पिवळसर, घट्ट आणि बारीक पोताचे. ते प्रथम वर्षानुवर्षे सुकवायचे. मग कातावर धरून ओबडधोबड गोल करायचे, मधून भोक पाडायचे आणि पुन्हा मुरत ठेवायचे. लाकूड आकसायचे ते आकसून झाले की आतली पोकळी नेमक्या मापाला आणायची. घाई केली तर वाद्य पुढे वाकते किंवा तडकते.

४/
खरी कसोटी यानंतरची. प्रत्येक स्वराचे भोक कोठे आणि केवढे पाडायचे, यावर वाद्याचा सुरेलपणा ठरतो. भोक बाहेरून लहान ठेवून त्याची आतली कड हळूहळू खरवडायची, फुंकून पाहायचे, पुन्हा खरवडायची. एकदा काढलेले लाकूड परत बसवता येत नाही. त्यानंतर पितळी चाव्या, त्यांच्या कमानी आणि भोक हवाबंद करणाऱ्या चामड्याच्या गाद्या. दोन कर्मशाळांतली वाद्ये सारखी वाजत नसत, ती याच कारणाने.

५/
आता वादकाकडे वळू. अँटन श्टाडलर (१७५३–१८१२) आणि त्याचा धाकटा भाऊ योहान हे दोघेही सम्राट दुसरा जोसेफ याच्या शाही वाद्यवृंदात होते. तेथे योहान पहिली क्लॅरिनेट वाजवी आणि थोरला अँटन दुसरी. दुसऱ्या वादकाच्या वाट्याला खालचे स्वर अधिक येतात. अँटनला त्या खर्जातच गोडी लागली. क्लॅरिनेट जिथे संपते, त्याच्याही खाली त्याला उतरायचे होते.

६/
ही मागणी सोपी नव्हती. स्वर चार अर्धस्वरांनी खाली न्यायचा, तर नळीतील हवेचा स्तंभ सुमारे सव्वापट लांब लागतो. नळी लांबली की खालची भोके बोटांच्या टप्प्याबाहेर जातात. म्हणून ती चाव्यांनी झाकायची आणि त्या चाव्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे द्यायच्या. पण तोच अंगठा वाद्याचा भारही पेलतो. शिवाय खाली लांबी वाढवताना वरच्या स्वरांचा सूर ढळू द्यायचा नाही.

लोट्झ स्वतः क्लॅरिनेट वाजवणारा होता आणि बॅसेट हॉर्न या खर्जातल्या भावंड-वाद्याचा निष्णात कारागीर होता. त्याने घडवलेली काही बॅसेट हॉर्न आजही संग्रहालयांत आहेत. तेथील अनुभव त्याने या नव्या वाद्यात उतरवला. आज त्याला ‘बॅसेट क्लॅरिनेट’ म्हणतात. हे नाव मात्र विसाव्या शतकातले आहे.

७/
मोझार्ट आणि श्टाडलर हे स्नेही होते. सप्टेंबर १७८९ मध्ये मोझार्टने क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यांसाठी पंचक पूर्ण केले. सप्टेंबर १७९१ मध्ये प्राग येथे ‘ला क्लेमेन्झा दी तितो’ या त्याच्या संगीतिकेत श्टाडलरने साथ केली. ७ ऑक्टोबर १७९१ रोजी मोझार्टने पत्नी कॉन्स्टान्झेला लिहिलेल्या पत्रात श्टाडलरसाठीच्या शेवटच्या भागाचे वाद्यलेखन जवळपास आटोपल्याचा उल्लेख आहे. हाच तो क्लॅरिनेट कॉन्चेर्तो. ५ डिसेंबरला मोझार्ट वारला. पुढच्याच वर्षी, १७९२ मध्ये, लोट्झही गेला.

८/
मागे राहिला श्टाडलर. तो युरोपच्या दीर्घ दौऱ्यावर होता : बर्लिन, वॉर्सा, रीगा, सेंट पीटर्सबर्ग, हॅम्बर्ग. वाद्य त्याच्याकडे, हस्तलिखितेही त्याच्याकडे.

३१ मे १८०० रोजी कॉन्स्टान्झेने प्रकाशक योहान अँटन आंद्रे याला पत्र लिहून हस्तलिखितांचा ठाव सांगितला. श्टाडलरच्या म्हणण्याप्रमाणे त्याची पेटी जर्मनीत चोरीला गेली. इतरांकडून मात्र तिच्या कानावर आले होते की, ती पेटी ७३ डुकाटांना गहाण पडली आहे. पेटीत वाद्येही असावीत, असे ती लिहिते. खरे काय, याचा उलगडा झाला नाही. मोझार्टच्या मालमत्तेच्या यादीत श्टाडलरकडे ५०० गुल्डनचे येणे दाखवले आहे, एवढे येथे नोंदवून ठेवावे.

९/
१८०१ च्या सुमारास ऑफेनबाख, लाइप्झिग आणि पॅरिस येथून कॉन्चेर्तो छापला गेला, पण बाजारातल्या साध्या क्लॅरिनेटसाठी. तिच्यावर जे खर्जाचे स्वर नव्हते, ते कोणा अनामिकाने वरच्या सप्तकात ढकलले. खोल उतरणारी स्वरावली मध्येच उडी मारून वर येऊ लागली.

हा फरक त्याच वेळी ध्यानात आला होता. १८०२ मध्ये लाइप्झिगच्या एका प्रतिष्ठित संगीत-नियतकालिकातील समीक्षकाने बदललेल्या जागांची उदाहरणे दिली. मूळ स्वर तसेच छापून बदल लहान टाइपात दिले असते तर बरे झाले असते, असे त्याचे मत होते. त्याचे कोणी ऐकले नाही. पुढच्या पिढ्यांनी छापील प्रत हीच मूळ मानली.

१०/
याच काळात आणखी एक नाव पुसले गेले. १८०१ मध्ये एका जर्मन मासिकाने या वाद्याचे वर्णन केले : नळी सरळ खाली न जाता शेवटच्या चतुर्थांशात आडवी वळते आणि तिला पुढे आलेले मुख आहे; खालचे स्वर हॉर्नसारखे भासतात. पण शोधाचे श्रेय? स्वतः श्टाडलरला. १७८८ च्या जाहिरातीत ठळकपणे असलेला लोट्झ तेरा वर्षांत नाहीसा झाला होता. वादक रंगमंचावर दिसतो; कारागीर कर्मशाळेतच राहतो आणि मेल्यावर त्याच्या वतीने बोलणारे कोणी नसते.

११/
विसाव्या शतकाच्या मध्यावर अभ्यासकांनी छापील प्रतीवर शंका घेतली. १८०२ ची समीक्षा पुन्हा वाचली गेली. स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे मोझार्टच्या हातचा १९९ मात्राखंडांचा एक अपूर्ण मसुदा आहे. तो बॅसेट हॉर्नसाठी आहे, पण कॉन्चेर्तोच्या पहिल्या भागाशी जुळतो. त्यातील खर्जाचे स्वर हा महत्त्वाचा पुरावा ठरला. १९५१ मध्ये प्रागला पुनर्रचित रूप वाजवले गेले. १९७७ मध्ये मोझार्टच्या समग्र साहित्याच्या नव्या आवृत्तीत ते छापील प्रचलित रूपाबरोबर समाविष्ट झाले.

१२/
तरीही ते वाद्य दिसत कसे होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९९२ मध्ये संशोधक पामेला पूलिन यांना रीगाच्या ग्रंथालयात श्टाडलरच्या १७९४ मधील मैफलींची कार्यक्रमपत्रिका सापडली. तिच्यावर वाद्याचे कोरीव चित्र होते : खाली वळलेली नळी आणि तिच्या टोकाला कंदासारखे फुगीर मुख. १८०१ चे वर्णन चित्राशी जुळले.

त्या चित्रावरून वादक आणि वाद्यकार एरिक होप्रिच यांच्यासारख्यांनी पुन्हा तीच वाट धरली : बॉक्सवुड, कात, गिरमिट आणि संयम. चित्रातून बाहेरचा आकार कळतो, आतल्या पोकळीचे माप नाही. त्यासाठी त्या काळच्या उरलेल्या वाद्यांची मापे घ्यावी लागतात.

१३/
इतिहासाची साधने म्हटली की कागदपत्रे, नाणी, शिलालेख आठवतात. येथे कागद होता, छापील होता आणि तरीही चुकीचा होता. त्याची चूक उघड करायला एका हरवलेल्या लाकडी नळीची लांबी माहीत असणे आवश्यक ठरले. मोझार्टने ते स्वर लिहिले, कारण लोट्झच्या कर्मशाळेत ते आधी वाजू शकले होते. कॉन्चेर्तो ऐकताना स्वरावली जिथे खोल खर्जात उतरते, तिथे मोझार्ट आणि श्टाडलर यांच्या जोडीने त्या तिसऱ्या माणसाचेही नाव घ्यावे. १७८८ च्या जाहिरातीने ते घेतले होते.